उथळ पाण्याचे गणित

१२ जुलै १९६१ चा दिवस पुण्याने पाहिला, त्याला आता साठांहून अधिक वर्षे लोटली. पानशेतच्या मातीच्या बांधावर आदल्या रात्री लष्कराचे जवान वाळूची पोती रचीत होते. सकाळी धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे जुने धरण गेले आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले. त्या दिवसाच्या आठवणी या शहरात पुष्कळ सांगितल्या गेल्या आहेत. त्यांत भर घालण्याचा आमचा हेतू नाही. त्या दिवसाने विचारलेला एकच प्रश्न आम्हाला येथे घ्यावयाचा आहे. बांध सुटल्यावर पाणी अमुक पुलाशी किती वाजता येईल आणि तेथे किती चढेल, हे पाणी येण्यापूर्वी सांगता येते काय?

प्रश्न दिसतो साधा. त्याचे उत्तर ज्या समीकरणांत दडलेले आहे ती समीकरणे १९६१ साली बरोबर नव्वद वर्षांची झाली होती. परंतु समीकरण हाती असणे निराळे आणि उत्तर हाती येणे निराळे. या दोहोंमधले अंतर माणसाने कसे तोडले, त्याचा हा इतिहास आहे. तो बहुतांशी फ्रान्स, हॉलंड, रशिया आणि अमेरिका या देशांत घडला. म्हणून मुठेचा काठ सोडून आपल्याला तिकडे जावे लागेल.

प्रथम 'उथळ' या शब्दाविषयी. घोट्याएवढे पाणी ते उथळ, असा आपला समज. गणितात मात्र खोली ही लाटेच्या लांबीशी ताडून पाहतात. समुद्र चार हजार मीटर खोल असेल, पण तळाच्या भूकंपाने उठलेली लाट शंभर-दोनशे किलोमीटर लांब असेल, तर त्या लाटेच्या दृष्टीने सारा महासागर म्हणजे परातीतले पाणी. नदीचा पूर, भरती-ओहोटी, वादळाने किनाऱ्यावर लोटलेला समुद्र, फुटलेल्या धरणाचा लोंढा, ही सगळी या अर्थाने उथळ पाण्याचीच रूपे आहेत. अशा पाण्यात लाट किती वेगाने जाते याचा नियम लाग्रांज या गणितज्ञाने १७८१ साली दिला: पाण्याच्या खोलीला गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाने गुणावे आणि वर्गमूळ काढावे. दहा मीटर खोलीवर लाट ताशी सुमारे ३६ किलोमीटर धावते. चार हजार मीटरवर ताशी सुमारे ७०० किलोमीटर, म्हणजे विमानाशी स्पर्धा करण्याइतकी.

पुढे १८७१ साली बारे द सँ-व्हनां या फ्रेंच अभियंत्याने नदीच्या बदलत्या प्रवाहाची समीकरणे मांडली. त्या वेळी त्यांचे वय त्र्याहत्तर वर्षांचे होते, आणि त्यांच्यासमोर प्रश्न होते ते नद्यांच्या पुराचे व नदीच्या मुखातून आत शिरणाऱ्या भरतीचे. समीकरणे दोनच. पहिले सांगते की पाणी नाहीसे होत नाही: एखाद्या भागात जितके शिरले आणि जितके बाहेर गेले त्यांचा फरक पातळीत दिसलाच पाहिजे. दुसरे सांगते की पाण्याचा वेग विनाकारण बदलत नाही: पातळीतील फरक, तळाचा उतार आणि घर्षण यांचा हिशोब त्यात असतो. घरखर्चाच्या वहीइतका हा हिशोब सरळ वाटतो.

अडचण निराळ्या ठिकाणी आहे. लाटेचा वेग खोलीवर अवलंबून, आणि खोली तर लाटच बदलते! लाटेचा उंच भाग सखल भागापेक्षा वेगाने धावतो, मागचे पाणी पुढच्याला गाठते आणि शेवटी पाण्याची उभी भिंत तयार होते. जेथे भिंत आहे तेथे 'उतार' या शब्दाला अर्थच राहत नाही. आणि समीकरणे तर उताराच्या भाषेत लिहिलेली. अगदी सोप्या प्रसंगी मात्र नेमके उत्तर काढता येते. आउगुस्ट रिटर या जर्मन प्राध्यापकांनी १८९२ साली असे मानले की तळ सपाट आणि कोरडा आहे, घर्षण नाही, आणि बांध क्षणार्धात नाहीसा झाला. मग बांधाच्या जागी पाण्याची खोली मूळच्या चार-नवमांश राहते आणि लोंढ्याचे टोक लाग्रांजच्या वेगाच्या दुप्पट वेगाने धावते. चाळीस मीटर पाणी अडवले असेल, तर बांधाच्या जागी जवळजवळ अठरा मीटर, आणि टोकाचा वेग सेकंदाला सुमारे चाळीस मीटर. खऱ्या दरीत खडक, झाडी, वळणे असतात, म्हणून टोक इतके धावत नाही. तरी रिटरचे हे चिमुकले उत्तर वाचकांनी ध्यानात ठेवावे; ते पुढे अगदी अनपेक्षित ठिकाणी उपयोगी पडणार आहे.

आता हॉलंडकडे वळू. जानेवारी १९१६ च्या वादळात झाउडरझे या आखाताचे पाणी बांध फोडून वस्तीत शिरले आणि त्या आखाताचे तोंडच बंद करण्याची कॉर्नेलिस लेली यांची जुनी योजना १९१८ साली कायद्यात आली. पण एक शंका उरली. आखात बंद केले तर वादळाचे जे पाणी आजवर आत पसरत होते ते बाहेर अडेल. मग बाहेरच्या किनाऱ्यावर ते किती चढेल? कोणी म्हणे नगण्य, कोणी म्हणे भयंकर. सरकारने समिती नेमली, आणि तिचे अध्यक्षपद दिले कोणाला? हेंड्रिक लॉरेंट्झ यांना! विजेच्या व प्रकाशाच्या सिद्धान्ताबद्दल १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळवलेला, आइन्स्टाइन ज्यांना गुरुस्थानी मानीत असा हा पुरुष. त्यांनी वयाच्या पासष्टाव्या वर्षी खाड्यांचे नकाशे पुढे घेतले आणि १९२६ पर्यंत, म्हणजे आठ वर्षे, त्या कामाला वाहिली. थोर माणसाचे नाव वर घालून काम कारकुनांकडून करून घेण्याची रीत आपल्या ओळखीची आहे. लॉरेंट्झ यांनी तसे केले नाही. गणिताचा मोठा भाग त्यांनी स्वतः केला.

त्यांची युक्ती पाहण्यासारखी आहे. घर्षण वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, आणि तो वर्गच हाताने गणित करणाऱ्याचा शत्रू. लॉरेंट्झ यांनी वर्गाच्या जागी साधे प्रमाण घेतले, परंतु ते प्रमाण असे निवडले की भरती-ओहोटीच्या एका पूर्ण फेऱ्यात घर्षणाने खर्च होणारी ऊर्जा खऱ्याइतकीच यावी. क्षणाक्षणाला चूक, फेरी अखेर हिशोब बरोबर. खाड्यांच्या गुंतागुंतीच्या प्रदेशाचे त्यांनी कालव्यांचे एक जाळे कल्पिले आणि त्यात भरती सोडली. निष्कर्ष निघाला की बांधाच्या बाहेर भरती व वादळाचे पाणी पूर्वीपेक्षा बरेच अधिक चढेल, आणि त्याप्रमाणे किनाऱ्याचे बांध उंच केले पाहिजेत. ३२ किलोमीटरचा तो बांध २८ मे १९३२ रोजी मिटला, आणि मोजमापे लॉरेंट्झ यांच्या आकड्यांशी जुळली. ते पाहण्यास ते स्वतः नव्हते. १९२८ च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले होते. बांधातील पाणी सोडण्याच्या दारांच्या एका समूहाला त्यांचे नाव आहे. आमच्या मते पारितोषिकाहून हे स्मारक कमी मोलाचे नाही.

परंतु आठ वर्षे! पूर काही आठ वर्षे थांबत नाही. घाईचे गणित करावयाचे तर निराळा मार्ग हवा होता, आणि त्याचे स्वप्न लुइस फ्राय रिचर्डसन या इंग्रजाने १९२२ साली ग्रंथरूपाने मांडले. प्रदेशाचे खण पाडावे, काळाची लहान लहान पावले घ्यावी आणि प्रत्येक खणाचा हिशोब शेजारच्या खणांवरून पुढे न्यावा. त्यांचा विषय हवामान. पण ग्रंथातले पहिले उदाहरण उथळ पाण्याच्या समीकरणांचेच आहे. पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका चालवीत असताना त्यांनी हे लिहिले. लढाईच्या धांदलीत हस्तलिखित हरवले आणि काही महिन्यांनी बेल्जममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले. त्यांचे प्रत्यक्ष भाकीत साफ चुकले: सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबार वाढेल असे उत्तर आले, आणि खरा दाब जवळजवळ हललाच नव्हता. पण रीत चुकीची नव्हती.

या रीतीची एक मर्यादा १९२८ साली गॉटिंगेनच्या कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेव्ही या तिघांनी दाखवली. काळाचे एक पाऊल टाकताना लाटेने एक खण ओलांडता कामा नये. ओलांडला तर चुका दर पावलाला फुगत जातात. खण शंभर मीटरचा आणि लाट सेकंदाला वीस मीटर धावणारी असेल, तर पाऊल पाच सेकंदांहून मोठे घेता येणार नाही. गंमत अशी की या तिघांच्या डोळ्यांपुढे गणकयंत्र मुळीच नव्हते. समीकरणांना उत्तर असतेच हे सिद्ध करणे एवढाच त्यांचा हेतू होता. हिटलरच्या राजवटीने कूरांट यांना देशाबाहेर घालवले आणि त्यांनी न्यू यॉर्कला नवी संस्था उभारली. तेथेच १९५० नंतरच्या वर्षांत जेम्स स्टोकर व त्यांचे सहकारी यांनी ओहायो नदीचा १९४५ चा पूर युनिव्हॅक यंत्रावर पुन्हा वाहवून दाखवला, आणि नोंदलेल्या पातळ्यांशी तो ताडून पाहिला. होऊन गेलेला पूर गणिताने पुन्हा आणणे ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. त्याच सुमारास, १ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री, उत्तर समुद्राचे पाणी हॉलंडवर चालून आले आणि तेथे १,८३६ माणसे बुडाली. तेव्हा हा विषय गणितज्ञांच्या करमणुकीचा उरला नाही.

येथे 'कोटी' या शब्दाकडे आले पाहिजे. ही कोटी विनोदातली नव्हे, आणि हिशोबातलीही नव्हे. खणाची लांबी निम्मी केली असता चूक निम्मी होत असेल, तर ती पद्धत पहिल्या कोटीची. पाव होत असेल तर दुसऱ्या. सोळावा हिस्सा राहत असेल तर चौथ्या कोटीची. यात काय मोठे, असे वाटेल. पण हिशोब करून पहा. सपाट प्रदेशाचे खण लांबी-रुंदीने निम्मे केले की त्यांची संख्या चौपट होते, आणि कूरांटच्या नियमाने काळाची पावलेही दुप्पट; म्हणजे काम आठपट. चूक सोळावा हिस्सा करावयाची आहे. पहिल्या कोटीच्या पद्धतीला चार वेळा निम्मे करावे लागेल, म्हणजे आठ गुणिले आठ असे चार वेळा: ४,०९६ पट काम. चौथ्या कोटीच्या पद्धतीला एकदाच निम्मे केले की पुरे: आठपट. तिचा प्रत्येक खण अधिक मेहनत मागतो हे खरे, तरीही एका तासाचे काम आणि एका महिन्याचे काम यांत जो फरक तो येथे आहे. पुराच्या सूचनेत तर सारा प्रश्न तासांचाच.

मग सगळ्यांनी उच्च कोटीची पद्धत का घेऊ नये? पाण्याच्या भिंतीमुळे. पीटर लॅक्स आणि बर्टन वेंड्रॉफ यांनी १९६० साली दुसऱ्या कोटीची एक सुंदर पद्धत दिली. शांत लाटेवर ती उत्तम चालते. पण लोंढ्याच्या टोकाशी आली की तिच्या उत्तरात लटक्या लाटा उमटतात, आणि जेथे पाणी चढलेच नाही तेथे चढलेले दिसते. पहिल्या कोटीची पद्धत असे खोटे बोलत नाही, पण ती भिंत पसरट करून टाकते: लोंढा लवकर आला आणि बेताचाच आला असे सांगते. एक पद्धत कल्पित संकट दाखवते, दुसरी खरे संकट सौम्य करते. या दोहोंतून निवड करण्याची पाळी पूरनियंत्रण करणाऱ्यावर आली, तर त्याने काय करावे?

हा पेच केवळ कारागिरीतला दोष नाही, हे त्याच्या आदल्या वर्षी सेर्गेई गोदुनोव्ह या तरुण रशियन गणितज्ञाने सिद्ध केले होते. सर्व खणांना डोळे झाकून एकच ठराविक सूत्र लावणारी आणि लटक्या लाटा न उठवणारी पद्धत पहिल्या कोटीच्या वर जाऊच शकत नाही, असा १९५९ चा त्यांचा सिद्धान्त आहे. त्याच लेखात त्यांनी आपली पद्धतही दिली. ती वायूंसाठी होती, पण पाण्याला जशीच्या तशी लागू पडते, आणि आमच्या दृष्टीने तिच्यात विलक्षण काही आहे. प्रत्येक खणात पाण्याची पातळी एकसारखी मानावी; मग शेजारच्या दोन खणांच्या सीमेवर पातळीत पायरी पडते. ही पायरी म्हणजे एक छोटे धरणच! ते क्षणार्धात फुटले असे मानावे आणि काय वाहून जाईल ते नेमके काढावे. रिटरने १८९२ साली जो प्रसंग सोडवला त्याचाच हा भाऊबंद. म्हणजे गोदुनोव्हच्या पद्धतीने नदीचा पूर मोजणारे यंत्र दर पावलाला, खणाखणांच्या सीमेवर, लक्षावधी धरणे फोडीत असते.

सिद्धान्ताला वाट मात्र होती, आणि ती 'ठराविक सूत्र' या शब्दांतच होती. सूत्र ठराविक ठेवू नये. पाणी जेथे शांत आहे तेथे खणातल्या पातळीला उतार द्यावा, की दुसरी कोटी साधते. जेथे भिंत उभी आहे तेथे तो उतार आखडता घ्यावा. घाटात गाडीवान बैलांचे कासरे खेचतो आणि सपाटीला सैल सोडतो, तसेच हे. रशियात व्लादिमीर कोल्गन यांनी १९७२ साली हे छापले, पण रशियन भाषेतला तो लेख बाहेर कोणी वाचला नाही. हॉलंडमध्ये ब्राम फान लीर या खगोलशास्त्रज्ञाने १९७३ ते १९७९ या काळात पाच लेखांच्या मालेने तेच काम स्वतंत्रपणे आणि अधिक पूर्णतेने केले. त्यांचे गाव लायडन. लॉरेंट्झ जेथे प्राध्यापक होते तेच. फान लीर यांच्या पद्धती जगभर गेल्या. पुढे २०११ साली त्यांनी स्वतःच लेख लिहून कोल्गन यांचा अग्रमान जाहीर केला. तोपर्यंत कोल्गन हयात नव्हते.

त्यानंतरची वाटचाल वेगाने झाली. ती आम्ही वेगानेच सांगतो. आमी हार्टेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली असे सुचवले की शेजारच्या खणांचे निरनिराळे गट पाहावेत आणि ज्या गटात पाणी सर्वांत शांत असेल त्यावरून वक्र काढावा. १९९४ व १९९६ साली त्या गटांना कमीअधिक वजन देऊन पाचवी कोटी गाठली गेली. दुसरीकडे अणुभट्टीतील कणांसाठी १९७३ साली निघालेली एक रीत बर्नार्डो कॉकबर्न आणि ची-वांग शू यांनी प्रवाहांना लावली. तीत प्रत्येक खणाच्या पोटातच पूर्ण वक्र बाळगतात. कोटी आता हवी तेवढी वाढवता येऊ लागली.

आणि नेमके याच वेळी एका तळ्याने सर्वांना अडवले. तळाशी उंचवटे-खळगे असलेले, वारा नसलेले, निश्चल तळे घ्या. त्याचे भविष्य कोणीही सांगेल: ते निश्चल राहील. पण हे गणित उत्तमोत्तम पद्धतींना दिले, तेव्हा यंत्रातले तळे वाहू लागले! कारण असे. तळ जेथे चढतो तेथे खोली कमी होते. खोलीतील फरकाचा जोर आणि तळाच्या उताराचा जोर खऱ्या तळ्यात एकमेकांना तंतोतंत खोडतात. यंत्रात हे दोन जोर दोन निराळ्या वाटांनी, दोन निराळ्या सूक्ष्म चुका घेऊन येतात. ते पूर्ण खोडले जात नाहीत आणि उरलेली बाकी प्रवाह होऊन वाहते. ही बाकी क्षुद्र नव्हे. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी भर समुद्रात असताना, भूकंपानंतर सुमारे दोन तासांनी, एका उपग्रहाने तिची उंची मोजली. ती ६० सेंटीमीटरच्या आसपास होती. चार हजार मीटर खोल पाण्यावर साठ सेंटीमीटर. दहा हजारांत एक भाग चूक झाली तरी चाळीस सेंटीमीटरची लटकी लाट उठते आणि खरी लाट तिच्यात हरवते.

या तळ्याला कसोटीचे रूप १९९४ साली स्पेनमधील सांतिआगोच्या आल्फ्रेदो बेर्मुदेझ आणि एलेना वाझ्केझ यांनी दिले: जी पद्धत निश्चल तळे निश्चल ठेवील तीच ग्राह्य. एमानुएल ओदूस व चार सहकाऱ्यांनी २००४ साली ही कसोटी उतरण्याची एक सोपी युक्ती काढली, आणि युलाँग शिंग व शू यांनी २००५ पासून उच्च कोटीच्या पद्धतींना ती शिस्त लावली. दुसरी शिस्त काठाची. लोंढा कोरड्या जमिनीवर चढतो तेथे पाण्याची खोली शून्याशी येते. उच्च कोटीचा वक्र तेथे शून्याखाली बुडी मारतो, ऋण खोलीचे वर्गमूळ निघत नाही आणि यंत्र थांबते. खणातले एकूण पाणी न बदलता वक्राला शून्यावर धरून ठेवण्याची रीत शिंग, झांग आणि शू यांनी २०१० साली दिली. सँ-व्हनांच्या समीकरणांना १३९ वर्षे झाल्यावर!

हैदराबादच्या त्सुनामी-सूचना केंद्राचे काम २००७ साली सुरू झाले. तेथे निराळी हुशारी केलेली आहे. भूकंप होण्याची वाट न पाहता, होऊ शकणाऱ्या अनेक भूकंपांच्या लाटा आधीच मोजून ठेवायच्या आणि प्रसंगी जुळणारे उत्तर काढून घ्यायचे. त्या मोजणीसाठी जी पद्धत घेतली ती जुन्या, दुसऱ्या कोटीच्या घराण्यातली आहे. तज्ज्ञांना हे मागासलेपण वाटेल; आम्हाला वाटत नाही. पाण्याच्या आधी पोचलेले बेताचे उत्तर पाण्यानंतर आलेल्या उत्तम उत्तराहून बरे.

आता फुटलेल्या धरणाकडे परत जाऊ, पण मुठेवर नव्हे. गोदुनोव्हचा सिद्धान्त प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, २ डिसेंबर १९५९ च्या रात्री, दक्षिण फ्रान्समधील मालपासे येथील ६६ मीटर उंचीचे धरण फुटले आणि फ्रेज्युस गावाच्या बाजूला ४२३ माणसे गेली. या दुर्घटनेच्या नोंदी फार नेटक्या राहिल्या. पाणी दोन्ही काठांवर कोठवर चढले त्याच्या खुणा पोलिसांनी मोजून ठेवल्या. शिवाय दरीत विजेचे तीन ट्रान्सफॉर्मर होते. लोंढ्याने ते एकामागून एक बंद पडले आणि त्यांच्या बंद पडण्याच्या वेळा कळल्या. लोंढ्याने आपल्या वाटेवर जणू तीन घड्याळे थांबवून ठेवली. म्हणून १९९० नंतरच्या दशकापासून युरोपात धरणफुटीची कोणतीही नवी पद्धत निघाली की ती मालपासेच्या दरीत सोडून पाहतात, आणि चांगल्या पद्धतींची उत्तरे त्या वेळांच्या पुष्कळ जवळ येतात.

मात्र दरी गणितात घालायची तर नकाशा हवा, आणि पुराने दरीचा तळच बदलून टाकला होता. तेव्हा १९३१ सालचा जुना नकाशा काढावा लागला. त्यावरून साडेतेरा हजारांवर बिंदूंची उंची हाताने वाचून यंत्रात भरली गेली. दोन बिंदूंच्या मध्ये एखादा ओढा, एखादी भिंत, एखादी सडक राहून गेली असेल, तर तिची नोंद पहिल्या कोटीच्या पद्धतीला नाही आणि पाचव्या कोटीच्या पद्धतीलाही नाही. आज विमानातून प्रकाशकिरण सोडून जमिनीची उंची हात-दीड हाताच्या अंतराने मोजता येते. १९१६ साली सुरू झालेले जलसंशोधनाचे केंद्र खडकवासल्याला आहे, आणि पानशेत व खडकवासला ही दोन्ही धरणे पुन्हा बांधून उभी आहेत. त्यांच्याखालच्या नदीपात्रात मात्र तेव्हापासून किती भराव पडले, किती भिंती चढल्या आणि किती पूल झाले, ते मुठेच्या काठाने चालत गेलेल्या कोणालाही दिसते.